एक सत्र, दोन रेकॉर्ड: सन ओ))) शिकागोत

जुलै २०१८मध्ये सन ओ))) हा अमेरिकन बँड शिकागोच्या इलेक्ट्रिकल ऑडिओ स्टुडिओत दोन आठवडे काम करत होता. ध्वनिमुद्रणाला स्टीव्ह अल्बिनी होते. या दोन आठवड्यांतून दोन रेकॉर्ड निघाल्या. एप्रिल २०१९मध्ये ‘लाइफ मेटल’ आली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ‘पायरोक्लास्ट्स’. पहिली रीतसर रचून, ठरवून केलेली. दुसरी त्याच सत्रात रोज होणाऱ्या सरावातून साठत गेलेली. लोकांनी पहिलीचं कौतुक केलं आणि दुसरीला जोडपुरवणी मानलं. मला हा क्रम उलटा वाटतो. या बँडची वीस वर्षांची धडपड नेमकी कशासाठी होती, ते दुसऱ्या रेकॉर्डमध्ये जास्त स्वच्छ कळतं, आणि म्हणूनच हे प्रकरण सविस्तर मांडावंसं वाटतं.

ज्यांनी हा प्रकार कधी ऐकलेला नाही त्यांच्यासाठी थोडं आधी सांगतो. याला ड्रोन मेटल म्हणतात. सन ओ)))च्या संगीतात ड्रम जवळजवळ नसतातच, गाणं असलं तर असतं, ताल नसतो. स्टीफन ओ’मॅली आणि ग्रेग अँडरसन हे दोघे गिटार घेऊन अॅम्पच्या रांगेसमोर उभे राहतात, एक कॉर्ड छेडतात आणि ती विरत विरत पार तळाला जाईपर्यंत थांबतात. मग पुढची. मैफलीत अंगावर साधूंसारखे झगे आणि रंगमंचावर इतका धूर की वाजवणारे दिसत नाहीत. आवाज इतका मोठा असतो की कानात बोळे घातल्याशिवाय तिथे उभं राहणं धोक्याचं आहे. गणपतीच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंतीसमोरून जाताना बरगड्या जशा थरथरतात तसंच काहीसं होतं. फरक इतकाच की इथे ठोका नाही, त्यामुळे ती थरथर थांबत नाही.

अशा संगीताचं ध्वनिमुद्रण करायचं म्हणजे नेमकं काय पकडायचं, हा या प्रकरणातला खरा प्रश्न. सुरावट असती तर ती कुठल्याही माइकवर उतरली असती. इथे सुरावट जवळजवळ नाहीच. जे आहे ते खोलीत आहे.

दोन वाटा, एक मुक्काम

बँड उभा राहिला १९९८मध्ये. दोघेही सिअॅटलच्या परिसरात वाढलेल्या जड, संथ मेटलमधून आले होते. थॉर्स हॅमर आणि बर्निंग विच या आधीच्या बँडांत ते एकत्र वाजवत. नवा बँड सुरू झाला तो जवळपास एका दुसऱ्या बँडला मानवंदना म्हणून. त्या बँडचं नाव अर्थ, आणि त्याचा सूत्रधार डिलन कार्लसन. अर्थ हे ब्लॅक सबाथचं जुनं नाव, कार्लसनने ते उचललं. १९९३मध्ये सब पॉप कंपनीने त्यांची ‘अर्थ २’ काढली. तीन तुकडे, मिळून ७३ मिनिटं, गिटार आणि बास, ड्रम जवळपास नाहीत. ज्या कंपनीने निर्वाणा या रॉक बँडला पहिल्यांदा बाजारात आणलं त्याच कंपनीच्या यादीत ही रेकॉर्ड होती, आणि तेव्हा तिचं काय करावं ते फारसं कुणाला उमगलं नाही.

ओ’मॅली आणि अँडरसन यांना मात्र उमगलं. अर्थ म्हणजे पृथ्वी, तर आपण सूर्य, हा त्यांचा नावामागचा विचार. शिवाय सन हा ओरेगन राज्यातला अॅम्प बनवणारा जुना कारखाना. ‘किंग्समेन’ या बँडचा बासवादक नॉर्म संडहोम याला मोठ्या आवाजाचा अॅम्प हवा होता, म्हणून त्याने आणि त्याचा भाऊ कॉनराड याने १९६०च्या दशकात तो उभा केला. नावातला ओ आणि पुढचे तीन कंस म्हणजे त्या कारखान्याच्या बोधचिन्हातला गोल आणि त्यातून निघणाऱ्या लहरी. ते उच्चारायचे नसतात, नाव नुसतं ‘सन’. कारखान्याचा मॉडेल टी हा सत्तरच्या दशकातला व्हॉल्व्ह अॅम्प या बँडचं मुख्य वाद्य आहे, गिटारइतकंच.

दुसरी वाट आपल्या ओळखीच्या मुलखातून जाते. कार्लसनवर ज्यांचा प्रभाव होता त्यांत ला माँट यंग हे अमेरिकन संगीतकार होते. यंग यांची १९६०ची एक रचना म्हणजे कागदावर दोनच स्वर, त्यांत पंचमाचं अंतर, आणि ते बराच काळ धरून ठेवण्याची सूचना. १९७०मध्ये यंग आणि मॅरियन झझीला यांच्यामुळे पंडित प्राणनाथ अमेरिकेला गेले आणि हे दोघे त्यांचे गंडाबंध शिष्य झाले, टेरी रायली हे संगीतकारही झाले. प्राणनाथ हे किराणा घराण्याच्या अब्दुल वहीद खाँसाहेबांचे शिष्य. त्याच घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, तिथेच दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे, आणि सवाई गंधर्वांपासून भीमसेनजींपर्यंतची त्यांची परंपरा आपण घरच्यासारखी ऐकत आलो. एकेका स्वरावर ठिय्या देऊन बसणारं हे गाणं. यंग यांनी तर पुढे केवळ तंबोऱ्यांचीच एक ध्वनिमुद्रिका १९९९मध्ये प्रकाशित केली. तिच्यात गायक नाही. तासाभराहून जास्त वेळ नुसते तंबोरे.

किराण्याचा आणि सन ओ)))चा थेट संबंध लावणं चुकीचं होईल. मध्ये तीन-चार हात बदलले आहेत आणि प्रत्येक हाताने आपलं काहीतरी घातलं आहे. तरी मराठी कानाला या संगीताचं दार लवकर उघडतं, असं मला मनापासून वाटतं. तंबोरा लावून झाल्यावर गायक तोंड उघडेपर्यंतचा जो वेळ असतो, तो ज्यांना आवडतो त्यांना इथे परकं वाटायचं कारण नाही.

सा, प आणि खालचा सा

रॉक संगीतातली पॉवर कॉर्ड म्हणजे आपल्या भाषेत सा-प-सा. त्यात गंधार नसतो. कोमल-शुद्धचा प्रश्नच येत नाही, म्हणून ती अॅम्पमधून कितीही फाडली तरी कर्कश होत नाही. सन ओ))) गिटारची सर्वांत जाड तार नेहमीच्या ई या पाश्चात्त्य स्वरावरून उतरवून ए वर आणतात. हा ए म्हणजे ५५ हर्ट्झ. त्याचा पंचम साधारण ८२.५ हर्ट्झवर येतो. हे दोन सूर अॅम्पच्या डिस्टॉर्शनमधून, म्हणजे आवाज फाडण्याच्या क्रियेतून, एकत्र गेले की त्यांच्यातल्या फरकाइतका तिसरा सूर तयार होतो, म्हणजे २७.५ हर्ट्झ. खालच्या सा च्याही एक सप्तक खाली. गिटारवर तो कुणी वाजवलेला नसतो. अॅम्प तो घडवतो.

तंबोऱ्यात हे काम दुसऱ्या टोकाने होतं. घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जवारी काढली की तार घोडीच्या वक्र पृष्ठाला हलकेच घासत राहते आणि वरचे स्वयंभू स्वर फुलून येतात. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१मध्ये यावर लिहिलं होतं. एरवी ज्या बिंदूवर तार छेडली असता एखादा उपस्वर निघायला नको, तो तंबोऱ्यात तरीही ठणठणीत ऐकू येतो, असं त्यांनी दाखवलं. मिरजेचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या जे हाताने करत आलेत त्याचं ते शास्त्र. जवारी आणि डिस्टॉर्शन या दोन्ही युक्त्यांचा हेतू एकच आहे: एका सुरातून त्याच्या पोटात असलेले बाकीचे सूर बाहेर काढणं. एकात ते हळुवारपणे होतं, दुसऱ्यात दीडशे वॅटच्या जोरावर.

यापुढे खोली येते. ५५ हर्ट्झच्या लहरीची लांबी सव्वासहा मीटर, म्हणजे साधारण वीस फूट. तेवढी लहर बंद जागेत शिरली की भिंतींवर आपटून परत येते आणि स्वतःमध्येच मिसळते. खोलीत काही ठिकाणी ती फुगते, काही ठिकाणी जवळपास नाहीशी होते. दोन पावलं सरकलं की वेगळंच ऐकू येतं. अॅम्पमधून निघालेला आवाज गिटारच्या तारांनाही हलवतो, त्या हलल्या की परत अॅम्पमध्ये जातात, आणि फीडबॅकचा सूर धरला जातो. कुठला उपस्वर धरला जाईल हे वादक अॅम्पपासून किती अंतरावर, कोणत्या कोनात उभा आहे त्यावर ठरतं. म्हणून या बँडच्या वादकांच्या पायांकडे बघायला हवं. कॉर्ड वाजवून झाल्यावर ते गिटार पुढे झुकवतात, अंगभर वळतात, अर्धं पाऊल मागे घेतात, आणि तेवढ्याने वर तरंगणारा सूर बदलतो. आपल्याकडे गायक तंबोऱ्याच्या खुंट्या पिळतो, हे लोक खोलीत स्वतःला पिळतात.

दोन गिटारी कधीच तंतोतंत एका सुरात नसतात. एक ५५ वर आणि दुसरी साडेपंचावन्नवर असेल तर दर दोन सेकंदांनी आवाज फुगतो आणि ओसरतो. ड्रम नसलेल्या या संगीताचा ताल तो. ओ’मॅलीला या गोष्टीचं किती वेड आहे हे एका उदाहरणावरून कळतं. आल्विन लुसिए या ज्येष्ठ प्रायोगिक संगीतकाराने २०१३मध्ये त्याच्यासाठी आणि ओरेन अंबार्ची या ऑस्ट्रेलियन गिटारवादकासाठी एक रचना केली. दोन गिटारी एका अर्धस्वराच्या पट्ट्यात अतिशय सावकाश एकमेकींना ओलांडतात. बाकी काही घडत नाही, फक्त फुगणं-ओसरणं मंदावत जातं, क्षणभर थांबतं आणि पुन्हा वेग घेतं.

आधीच्या जागा

वीस वर्षांत या बँडने जितक्या रेकॉर्ड केल्या त्यांकडे मी वेगवेगळ्या जागांची यादी म्हणून बघतो. सुरुवातीच्या ‘ग्रिमरोब डेमोज’ आणि २०००च्या ‘डबल ओ व्हॉइड’मध्ये अॅम्प आहे, खोली जवळजवळ नाही. माइक आवाजाच्या तोंडाशी आहे आणि लोंढा सरळ अंगावर येतो. पुढे पाहुणे यायला लागले. २००२मध्ये जपानचा नॉइज संगीतकार मर्झबाऊ, २००३मध्ये इंग्लिश गायक ज्यूलियन कोपचं पठण. प्रत्येक जण आपली हवा घेऊन आला.

२००५च्या ‘ब्लॅक वन’मधली एक गोष्ट फार सांगितली जाते. शेवटच्या तुकड्यासाठी मॅलेफिक या गायकाला शवपेटीत झोपवलं, पेटी शववाहिकेत ठेवली आणि आत माइक सोडून झाकण लावलं. त्याला बंद जागेची भीती वाटत असे. भयपटासारखा हा प्रसंग लोकांना आवडतो, पण ध्वनीच्या दृष्टीने बघितलं तर तो एक सरळ प्रयोग आहे: माणसाच्या आवाजाला जितकी कमीत कमी हवा देता येईल तितकी दिली तर काय ऐकू येतं? दम कोंडल्यासारखा, लाकडाला चिकटलेला आवाज ऐकू येतो. अभिनय करून तो मिळाला नसता.

मार्च २००७मध्ये बरोबर उलटं झालं. नॉर्वेत बर्गनच्या कॅथीड्रलमध्ये त्यांनी मैफल केली, तिथला पाइप ऑर्गन साथीला घेतला, हंगेरीचा अत्तिला चिहार गायला. ती २००८मध्ये ‘डोमकिर्के’ या नावाने निघाली, तीही तेव्हा फक्त व्हायनलवर. दगडी छताखालचा प्रतिध्वनी इतका लांब की एक कॉर्ड संपण्याआधी दुसरी येते आणि दोन्ही एकमेकींत विरघळतात. मला ही रेकॉर्ड आवडते, पण तिच्यात वास्तू इतकी मोठी आहे की बँड तिचा पाहुणा वाटतो.

२००९ची ‘मोनोलिथ्स अँड डायमेन्शन्स’ हा या वाटेचा कळस. दोन वर्षं काम, एव्हिंड कांगची वाद्यरचना, स्त्रियांचा कोरस, ट्राँबोन, डबल बास. शेवटचा तुकडा जॅझ संगीतकार अॅलिस कोल्ट्रेनच्या आठवणीत. तो संपत येतो तेव्हा गिटारी बाजूला सरतात आणि फुंकवाद्यांचा कोवळा उजेड उरतो. फार सुंदर रेकॉर्ड आहे. पण ती थरांची आहे, वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या शहरांत घेतलेले आवाज एकावर एक रचलेले. त्या सगळ्या हवा एकाच खोलीत कधीच नव्हत्या. यापुढे थर वाढवत राहणं शक्य होतं आणि २०१४मध्ये गायक स्कॉट वॉकरसोबत ‘सूज्ड’ करून त्यांनी ते एका टोकाला नेलंही. २०१५ची ‘कॅनन’ त्यामानाने लहान, तीन तुकड्यांची. त्यानंतर बँडने ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत मागे वळायचं ठरवलं.

अल्बिनींची खोली

स्टीव्ह अल्बिनी यांना बहुतेक लोक ‘इन युटेरो’मुळे ओळखतात. निर्वाणाची ती रेकॉर्ड त्यांनी १९९३मध्ये मिनेसोटात मुद्रित केली होती. स्वतःला निर्माता म्हणवून घ्यायला ते तयार नसत, ‘ध्वनिमुद्रण’ एवढाच उल्लेख त्यांना चाले. विक्रीवरचं मानधन घेत नसत. ठरलेले पैसे घ्यायचे आणि काम करायचं. बँडला जे वाजवायचं आहे ते त्यांनी एकत्र, खोलीत वाजवावं, आपण ते नीट टेपवर उतरवावं, अशी त्यांची रीत. १९९७मध्ये त्यांनी शिकागोत इलेक्ट्रिकल ऑडिओ उभारला तेव्हा मुख्य खोल्यांच्या भिंती कच्च्या मातीच्या विटांच्या बांधल्या. अशा जाड विटांची भिंत जड असते, खालच्या सुरांना धरून ठेवते, आणि तिचा खडबडीत पृष्ठभाग वरचे सूर विखरून टाकतो.

सन ओ)))साठी याहून योग्य माणूस सापडणं कठीण होतं. तरीही वीस वर्षं हे एकत्र आले नव्हते. अल्बिनींची शाळा पंक रॉकची: लहान गाणी, कोरडा, टणक आवाज. यांचं सगळंच लांब आणि ओलं. ओ’मॅली तोवर पॅरिसला राहायला गेलेला, अँडरसन लॉस एंजेलिसला. दोघांना एकत्र वाजवायला मिळणारा वेळच मर्यादित. त्यामुळे दोन आठवडे सलग एका खोलीत बसणं, ही त्यांच्या दृष्टीने मोठीच गोष्ट होती.

टेपचा मुद्दा इथे महत्त्वाचा आहे. सगळं काम दोन इंची टेपवर झालं, मिक्सिंगही टेपवर, आणि व्हायनलची लॅकर, म्हणजे छपाईची मूळ तबकडी, टेपवरूनच कापली गेली. मध्ये संगणक नाही. हे केवळ जुन्याचं प्रेम नाही, त्यामागे हिशेब आहे. मोठं रीळ अडीच हजार फुटांचं असतं. सेकंदाला १५ इंच वेगाने ते साधारण ३३ मिनिटं चालतं, ३० इंच वेगाने त्याच्या निम्मं. ‘लाइफ मेटल’चा शेवटचा तुकडा ‘नोव्हे’ २५ मिनिटांचा आहे. ३० च्या वेगाने तो एका रिळात मावणारच नाही. १५ च्या वेगाने मावतो, आणि त्या वेगाला खालचे सूरही जास्त भरघोस उतरतात, थोडी सरसर वाढते इतकंच. पण तिथेही एक चूक झाली तर पुन्हा पहिल्यापासून, आणि नवं रीळ. संगणकावर वाजवणाऱ्याला माहीत असतं की नंतर जोडता येईल. इथे २२व्या मिनिटाला हात घसरला तर आधीची २१ मिनिटंही गेली. त्या जाणिवेने वाजवणं बदलतं. ‘नोव्हे’ ऐकताना घाई कुठेच जाणवत नाही, पण एक सावधपणा सतत जाणवतो.

‘लाइफ मेटल’

चार तुकडे, मिळून ६८ मिनिटांच्या आसपास. पहिला तुकडा घोड्याच्या खिंकाळण्याने उघडतो. नॉर्स पुराणातल्या ओडिनच्या आठ पायांच्या घोड्यावरून त्याचं नाव. नंतर गिटारी येतात, आणि पहिल्याच कॉर्डला कळतं की इथे अंतर आहे. आधीच्या रेकॉर्डांत आवाज तोंडावर येतो. इथे तो समोर, काही फुटांवर उभा आहे. कॉर्डचा पहिला घाव, मग अॅम्पचा स्फोट, मग भिंतीवरून परत आलेली लाट, या तीन गोष्टी वेगवेगळ्या ऐकू येतात. पुढचा घाव येईपर्यंत व्हॉल्व्हची घरघर चालूच असते आणि ती पुसलेली नाही.

पाहुणे इथेही आहेत, पण मोजके. आइसलँडची हिल्डूर गुदनादोत्तिर गायली आहे आणि तिने इलेक्ट्रिक चेलो व हॅल्डोरोफोन वाजवला आहे. पुढच्याच वर्षी ‘जोकर’च्या संगीतासाठी तिला ऑस्कर मिळालं. हॅल्डोरोफोन हे चेलोसारखं दिसणारं वाद्य स्वतःचाच आवाज स्वतःच्या तारांना पुन्हा पुरवतं आणि गुंजत राहतं. म्हणजे गिटार आणि अॅम्प मिळून खोलीत जे करतात तेच हे वाद्य आपल्या पोटात करतं. ‘नोव्हे’मध्ये गिटारी मागे सरून हे गुंजन पुढे येतं तेव्हा सूर एका घरातून दुसऱ्या घरात गेल्यासारखा वाटतो, तुटल्यासारखा मुळीच नाही. टिम मिजेट बासवर, टॉस न्यूवेनहाउजेन मूग सिंथेसायझरवर, अँथनी पॅटेरस एका तुकड्यात पाइप ऑर्गनवर.

या रेकॉर्डबद्दल माझी एकच तक्रार आहे. ‘ट्रबल्ड एअर’मध्ये ऑर्गन आल्यावर खोलीचं गणित थोडं विस्कटतं. तो सूर सुंदर आहे, पण त्याची हवा वेगळी आहे. बाकी तीन तुकड्यांनी कानाला जी एक जागा दाखवलेली असते, तिला अचानक शेजारी मिळतो.

बारा मिनिटं

‘पायरोक्लास्ट्स’ कशी झाली ते साधं आहे. सत्राच्या काळात रोज, कधी सकाळी काम सुरू करताना तर कधी रात्री संपवताना, त्या दिवशी हजर असलेले सगळे वादक एकत्र जमायचे. एक सूर ठरवायचा. स्टॉपवॉच लावायचं. बारा मिनिटं त्या एका सुरात, त्याच्या आसपासच्या स्वरांत वाजवायचं आणि थांबायचं. आधी ठरवलेलं काही नाही. टेप चालू. अशा बऱ्याच बैठकांतून चार निवडल्या: सी, जी, ई आणि ए या सुरांतल्या. प्रत्येक तुकडा अकरा मिनिटांच्या आसपास.

हा रियाज आहे. पहाटे उठून खर्ज लावणाऱ्या कुठल्याही गायकाला हे समजावून सांगायची गरज नाही. खर्जाच्या रियाजात राग मांडायचा नसतो, कुणाला दाखवायचं नसतं. आवाज आज कुठे आहे ते बघायचं असतं. हे वादक तेच बघत होते. फरक हा की ते पाच जण होते, आणि प्रत्येकाला आपल्या सुराबरोबर इतरांचा सूर आणि मातीच्या भिंतींचं उत्तर ऐकावं लागत होतं.

सी मधला पहिला तुकडा ‘फ्रॉस्ट’ नीट ऐकण्यासारखा आहे. सुरुवातीला नुसता मूळ सूर दाटत जातो. मग कुणीतरी एक उपस्वर धरतो. तो कोणाच्या वाद्यातून आला हे ओळखता येत नाही. दुसरा कुणीतरी त्याच्या जरासा खाली येऊन थांबतो आणि फुगणं-ओसरणं सुरू होतं. ते नको तितकं वेगवान झालं की कुणीतरी एक पाऊल मागे घेतल्यासारखं मंदावतं. हे कोणी लिहून ठेवलेलं नाही आणि कोणी खूण करून सांगितलेलंही नाही. बारा मिनिटांची मर्यादा असल्याने कळस गाठायची घाई नाही आणि रेंगाळायची मोकळीकही नाही.

‘लाइफ मेटल’मध्ये रचना आहे, म्हणून कान रचनेकडे जातो: आता कुठली कॉर्ड, आता कोण आलं. ‘पायरोक्लास्ट्स’मध्ये तसं काही नसल्यामुळे कानाला करायला एकच काम उरतं, ते म्हणजे आवाजाच्या आत शिरणं. आणि आत शिरल्यावर कळतं की या बँडला वीस वर्षं हीच गोष्ट मुद्रित करायची होती. शवपेटीत, कॅथीड्रलमध्ये, थरांच्या ढिगात ते एक सूर आणि एक जागा यांचं नातं शोधत होते. ते मिळालं तेव्हा रेकॉर्ड करायचा असा वेगळा हेतूही नव्हता. गळा मोकळा करण्यासारखा तो एक नेम होता, आणि टेप तेवढी चालू होती.

अर्थात ‘लाइफ मेटल’शिवाय हा सराव झालाच नसता. दोन आठवडे खोली मिळाली, अॅम्प लागले, माइक जागच्या जागी बसले, वादकांचे कान एकमेकांना सरावले, ते सगळं मोठ्या कामासाठी. म्हणून दोन्ही रेकॉर्ड एकत्र ऐकाव्यात असं मी सुचवेन, आणि त्याही उलट्या क्रमाने. आधी ‘पायरोक्लास्ट्स’.

घरी ऐकताना

हे संगीत घरी आणलं की काय होतं, हा या प्रकरणाचाच भाग आहे. फोनच्या स्पीकरवर ५५ हर्ट्झ वाजूच शकत नाही. तिथे ११०, १६५, २२० हे उपस्वर ऐकू येतात आणि मेंदू त्यांवरून खालचा सूर स्वतःच तयार करतो. सूर कळतो, वजन हरवतं. हेडफोनवर वजन थोडं येतं, पण ते फक्त कानांत, छातीत नाही. आणि आवाज कमी ठेवला की कान खालच्या सुरांना आधी सोडतो. अॅम्पचं चित्रच बदलतं.

चांगले स्पीकर असले तरी आपल्या घरांचा एक अडसर आहे. दहा बाय दहाच्या खोलीत समोरासमोरच्या भिंतींमधलं अंतर ५५ हर्ट्झच्या लहरीच्या जवळजवळ बरोबर निम्मं येतं. म्हणजे खोलीच्या मधोमध बसलात तर नेमका बँडचा मूळ सूर गायब, आणि भिंतीला टेकलात तर घुमून घुमून नकोसा. लांबी-रुंदी सारखी असल्याने दोन्ही दिशांनी तेच होतं. ‘पायरोक्लास्ट्स’चा शेवटचा तुकडा ‘असेन्शन’ ए मध्येच आहे. तो लावून खोलीत हळूहळू चालून बघावं. बिछान्याजवळ एक रेकॉर्ड आहे, दारापाशी दुसरी. शेजारच्यांचा विचार करून हे दुपारी केलेलं बरं.

व्हायनलवर वेगळी तडजोड आहे. खालचे सूर जितके जोरात तितकी खोबणी रुंद, आणि रुंद खोबणी जास्त जागा खाते. २५ मिनिटांचा ‘नोव्हे’ एका बाजूवर मावायचा तर तो जरा दबक्या पातळीवर कापावा लागतो. पहिले दोन तुकडे बारा मिनिटांच्या आसपासचे, त्यांना ऐसपैस जागा मिळते. त्यामुळे बाजू बदलली की आवाजाचं बटण थोडं फिरवावं लागतं. यात खटकण्यासारखं काही नाही. माध्यमाने ही हद्द आखलेली आहे आणि बँडने चारही तुकडे एकेका बाजूला एक असे ठेवून ती सांभाळली.

पुढे

ऑक्टोबर २०१९मध्ये बँड लंडनमध्ये बीबीसीच्या मेडा व्हेल स्टुडिओत गेला. स्वीडनची ऑर्गनवादक आणि गायिका आना फॉन हाउसवोल्फ सोबत होती. तिथलं वादन २०२१मध्ये ‘मेट्टा, बेनेव्होलन्स’ या नावाने निघालं. त्यात ‘ट्रबल्ड एअर’ आहे, मूळ तुकड्याहून कितीतरी लांबलेला, आणि या वेळी त्याची हवा एकच आहे. त्याच्याआधी दोन नवे ‘पायरोक्लास्ट्स’ आहेत, एक एफ मध्ये, एक सी शार्पमध्ये. शिकागोत ज्याला सराव म्हणत होते तो आता मैफलीत वाजवायचा प्रकार झाला होता.

अल्बिनी ७ मे २०२४ रोजी हृदयविकाराने गेले, वयाच्या ६१व्या वर्षी. त्यांचा स्टुडिओ चालू आहे.